प्रोटॉनचा माग

२ सप्टेंबर १८५९. मुंबईत कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत रोजच्यासारखे वाचन चालू होते. टांगलेला चुंबक किती वळला ते बघायचे आणि आकडा वहीत लिहायचा, तासातासाला. त्या सकाळी ही तासाची शिस्त पुरेना. आकडे इतक्या झपाट्याने बदलत होते की निरीक्षकांनी दोन वाचनांमधले अंतर कमी करत काही मिनिटांवर आणले. अकराच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक एकदम कोसळला. घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्लाची होती. शांत दिवशी हाच घटक मुंबईत जेमतेम काही दहा नॅनोटेस्ला इकडेतिकडे होतो.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत होते. ग्रीनिचच्या घड्याळात ११ वाजून १८ मिनिटे झाली असताना त्यांना त्या डागांवर पांढरा झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी सूर्यातून सुटलेले वादळ पृथ्वीवर आदळले. अमेरिकेत तेव्हा रात्र होती. तिथे क्यूबापर्यंत आकाश लाल झाले आणि तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत भर दिवस होता, त्यामुळे आकाशात काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त तो चुंबक वळला, आणि कुणीतरी चिकाटीने आकडे लिहिले.

प्रोटॉनचा शोध त्या वेळी निम्म्याहून अधिक शतक दूर होता. तरीही कुलाब्याच्या वहीत उतरलेल्या त्या घसरणीत प्रोटॉनच्या एका अवाढव्य झुंडीचा हात होता. त्या झुंडीचा माग आधी जमिनीवरून लागला, पुढे अवकाशातून, आणि अखेर मंगळापर्यंत गेला. या शोधाला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याची एक महत्त्वाची बाजू आपल्या महाराष्ट्रात घडली आहे आणि आपल्याकडे ती फारच थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून ही हकिकत सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रातले आपले पाथर्डी गाव १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. गर्भगिरीच्या डोंगरावरून, मढीला कानिफनाथांच्या गडावरून किंवा वृद्धेश्वराच्या वाटेवरून रात्रीचे आकाश कितीही निरभ्र दिसले तरी त्यात ध्रुवप्रकाशाचे, म्हणजे अरोऱ्याचे, हिरवे पडदे दिसत नाहीत. १० आणि ११ मे २०२४ च्या दरम्यानच्या रात्री लडाखमध्ये हानले इथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल प्रभा टिपली. पाथर्डीकरांच्या वाट्याला ती मोबाइलवरच्या छायाचित्रांतून आली. मुंबईत ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री असा प्रकाश दिसल्याची नोंद त्या काळच्या वर्तमानपत्रात आहे, पण असे प्रसंग अगदीच विरळा. आपल्याकडून ध्रुवप्रकाश सहसा दिसत नाही हे खरे. मात्र सौरवादळाचा एक मोठा भाग अशा वेळी आपल्या डोक्यावरच असतो.

पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती, जमिनीपासून काही दहा हजार किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचे एक वलय फिरत असते. त्यात मुख्यतः प्रोटॉन असतात. मोठ्या वादळात त्यांच्यात पृथ्वीच्याच वातावरणातून वर गेलेले ऑक्सिजनचे आयनही मिसळतात. चुंबकीय क्षेत्रात अडकलेले हे प्रोटॉन पश्चिमेकडे सरकतात. त्यांच्या सरकण्याने विजेचा प्रचंड प्रवाह तयार होतो, त्याला वलयप्रवाह म्हणतात. या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेने पडते, म्हणून वादळात विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात पृथ्वीचे क्षेत्र कमी झालेले दिसते. कुलाब्यात घसरण दिसली ती या कारणाने. त्या १६०० नॅनोटेस्लांत वलयप्रवाहाचा वाटा किती आणि वरच्या वातावरणातल्या इतर प्रवाहांचा किती, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. वलयप्रवाह त्या दिवशी भयंकर वाढला होता, याबद्दल मात्र दुमत नाही.

मग या प्रोटॉनांचे पुढे होते काय? काही कालांतराने विद्युतभार गमावतात, काही निसटतात, आणि काही चुंबकीय रेषा धरून थेट खाली वातावरणात उतरतात. वातावरणात उतरताना ते प्रकाश देतात. हाच प्रोटॉन अरोरा.

हिरव्या नाचऱ्या पडद्यांचा नेहमीचा अरोरा इलेक्ट्रॉनमुळे होतो. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर, नायट्रोजनवर आदळतो आणि प्रकाश त्या ऑक्सिजनचा किंवा नायट्रोजनचा असतो. इलेक्ट्रॉन स्वतः काही उजळत नाही. प्रोटॉनचे वेगळे आहे. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन. वातावरणात शिरताच तो वाटेतल्या एखाद्या अणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि पुन्हा हायड्रोजन होतो, तोही सेकंदाला शेकडो-हजारो किलोमीटर वेगाने धावणारा. त्याच्यावर आता विद्युतभार राहिलेला नाही, म्हणून चुंबकीय रेषेचे बंधनही राहिले नाही. दावे सुटलेल्या वासरासारखा तो जिकडे तोंड असेल तिकडे सुसाट जातो. जाता जाता हायड्रोजनचा स्वतःचा प्रकाश फेकतो, पुढच्या टकरीत इलेक्ट्रॉन पुन्हा गमावतो आणि रेषेला बांधला जातो. असे अनेकदा होते. यामुळे प्रोटॉनांचा झोत एका जागी न राहता आजूबाजूला पसरतो, आणि प्रोटॉन अरोरा रुंद, पुसट, कडा नसलेला दिसतो. खरे तर डोळ्यांना तो दिसतच नाही म्हणा ना. शेजारचा इलेक्ट्रॉनचा प्रकाश त्याला झाकून टाकतो.

म्हणून तो सापडला वर्णपटात. नॉर्वेचे लार्स वेगार्ड आयुष्यभर अरोऱ्याच्या प्रकाशाचे वर्णपट काढत होते. प्रयोगशाळेत चुंबकीय गोळ्याभोवती कृत्रिम अरोरा निर्माण करणाऱ्या क्रिस्तियान बिर्केलँड यांच्या हाताखाली ते तयार झाले होते. १९३९ मध्ये त्यांनी जाहीर केले की काही वर्णपटांत हायड्रोजनच्या रेषा आहेत. शंभर किलोमीटर उंचीवरच्या हवेत एवढा हायड्रोजन असण्याचे कारण नव्हते. वेगार्ड यांनी त्याला बाहेरून येणाऱ्या हायड्रोजनच्या सरी म्हटले. पण रेषा पुसट होत्या आणि त्याच वर्षी युरोप महायुद्धात ओढला गेला.

उत्तर मिळाले ते ऑगस्ट १९५० मध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या यर्किस वेधशाळेत. तिथे एडन माइनेल यांनी एका अरोऱ्याचा वर्णपट दोन दिशांनी घेतला. एकदा क्षितिजाकडे बघून आणि एकदा डोक्यावर, जिथून चुंबकीय रेषा खाली उतरतात तिकडे बघून. क्षितिजाकडच्या वर्णपटात हायड्रोजनची रेषा आपल्या जागी होती, फक्त दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली. डोक्यावरच्या वर्णपटात ती जांभळ्या बाजूला सरकली होती. रेषा जांभळ्या बाजूला सरकते याचा अर्थ प्रकाश देणारा अणू आपल्याकडे येतो आहे. किती वेगाने, तेही सरकण्यावरून काढता येते. माइनेल यांच्या मोजणीत हा वेग सेकंदाला ३,३०० किलोमीटरपर्यंत गेला. हायड्रोजन वरून येतो हे वेगार्ड यांचे म्हणणे एका रात्रीत सिद्ध झाले. माझ्या मते अरोऱ्याच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग. नवे यंत्र बांधावे लागले नाही, बघण्याची दिशा बदलली आणि प्रश्न सुटला.

काही काळ अनेकांना वाटले की अरोऱ्याचे सगळे रहस्य प्रोटॉनांतच आहे. १९५८ मध्ये कार्ल मॅकइल्वेन यांनी कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून अरोऱ्यात रॉकेट सोडले, आणि तेजस्वी पडद्यांमागे इलेक्ट्रॉनच असल्याचे त्यात दिसले. प्रोटॉन मागे पडला. पुढची बरीच वर्षे तो पाठ्यपुस्तकांतल्या एखाद्या परिच्छेदापुरताच उरला.

त्याला मागे टाकण्यात जमिनीवरून बघण्याच्या मर्यादेचाही हात होता. एका वेधशाळेतून आकाशाचा थोडासा तुकडा दिसतो. ढग आले की तोही गेला. उन्हात काहीच दिसत नाही, आणि सूर्याकडून येणाऱ्या प्रोटॉनांची पहिली वाट नेमकी पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला आहे. शिवाय हायड्रोजनचा सर्वांत जोरकस प्रकाश दृश्य पट्ट्यात नसून अतिनीलमध्ये आहे. १२१.६ नॅनोमीटरची ही रेषा लायमन-अल्फा म्हणून ओळखली जाते. आपली हवा ती गिळून टाकते. प्रोटॉन अरोरा नीट बघायचा तर हवेच्या वर जाऊन, अतिनील डोळ्याने, वरून खाली बघायला हवे होते.

अतिनील डोळा वर गेला एप्रिल १९७२ मध्ये. जॉर्ज कॅरदर्स यांनी बांधलेला कॅमेरा अपोलो १६ चे अंतराळवीर जॉन यंग यांनी चंद्रावर उभा केला आणि पृथ्वीकडे वळवला. छायाचित्रांत अरोऱ्याचे पट्टे दिसले. पण सगळ्यांत जास्त उजळलेली दिसली ती पृथ्वीभोवतीची हायड्रोजनची विरळ प्रभा. हवेच्या माथ्यावरून हळूहळू निसटणारा हा हायड्रोजन सूर्याचा लायमन-अल्फा पकडून सगळीकडे उधळतो. पुढे असे लक्षात आले की हा ढग चंद्राच्याही पलीकडे पसरलेला आहे, म्हणजे कॅरदर्स यांचा कॅमेरा त्या ढगातच उभा होता.

आता पेच लक्षात येईल. प्रोटॉन अरोऱ्याचा प्रकाश हायड्रोजनचा, त्या ढगाचा प्रकाशही हायड्रोजनचा. रेषा तीच, आणि ढग कितीतरी पटींनी तेजस्वी. उपग्रहावरून साध्या लायमन-अल्फा कॅमेऱ्याने खाली बघितले तर झगमगत्या ढगाच्या आड अरोरा हरवूनच जाणार.

या पेचातून सुटायला माइनेल यांचीच युक्ती कामाला आली. ढगातला हायड्रोजन जवळजवळ स्थिर असतो, अरोऱ्यातला हायड्रोजन खाली धावत असतो. वरच्या उपग्रहाच्या दृष्टीने तो दूर जातो, म्हणून त्याचा प्रकाश लांब तरंगांकडे सरकतो. सेकंदाला ५०० किलोमीटर वेग असला तर हे सरकणे सुमारे ०.२ नॅनोमीटरचे भरते. मधली मूळ रेषा अडवायची आणि शेजारचा सरकलेला प्रकाश तेवढा आत घ्यायचा, असा कॅमेरा करता आला तर झुंडीतले धावणारे अणू वेगळे दिसणार होते. बोलायला हे सोपे आहे. त्यासाठी ०.२ नॅनोमीटरच्या अंतरात दोन प्रकाश वेगळे करणारे यंत्र बांधायचे होते, तेही सतत गरगरणाऱ्या उपग्रहावर.

हे काम बेल्जियममध्ये लिएज इथल्या अवकाश केंद्रात झाले. लिएज विद्यापीठाचे ज्याँ-क्लोद जेरार आणि त्यांचे सहकारी त्यात होते, आणि अतिनील उपकरणांच्या सगळ्या संचाची धुरा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली केंद्रातल्या स्टीफन मेंडी यांच्याकडे होती. प्रकाश आत येण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या ठिकाणी बारीक फटींच्या जाळ्या बसवल्या होत्या. स्थिर हायड्रोजनची रेषा नेमकी भरीव पट्टीवर पडे आणि अडे. सरकलेला प्रकाश फटीतून पुढे जाई. नासाच्या ‘इमेज’ या उपग्रहावर हे उपकरण बसले. मोहिमेचे प्रमुख होते जेम्स बर्च. २५ मार्च २००० रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून डेल्टा रॉकेटने ‘इमेज’ उडाला. त्याची लंबगोल कक्षा ध्रुवांवरून जाणारी होती आणि सर्वांत दूर असताना तो सुमारे ४६ हजार किलोमीटर उंच जाई. तिथून ध्रुवाभोवतीचे अरोऱ्याचे सबंध कडे एका नजरेत मावत असे. उपग्रह दोन मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा घेई, त्यातली काही सेकंदेच पृथ्वी कॅमेऱ्यासमोर असे. तेवढ्या सेकंदांतला हलता प्रकाश उपकरणातली यंत्रणा जागच्या जागी जुळवून एक स्थिर चित्र बनवी. दर दोन मिनिटांनी नवे चित्र, दिवसाच्या बाजूचे आणि रात्रीच्या बाजूचेही.

प्रोटॉनांनी उजळलेले पृथ्वीचे आकाश पहिल्यांदाच सलग आणि स्वतंत्र दिसू लागले. इलेक्ट्रॉनचा अरोरा त्याच उपग्रहावरचे शेजारचे कॅमेरे ऑक्सिजनच्या १३५.६ नॅनोमीटर रेषेत आणि आणखी रुंद पट्ट्यात टिपत होते. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की फरक दिसे. संध्याकाळच्या बाजूला प्रोटॉन विषुववृत्ताकडे जास्त खाली उतरलेले असत. कधी तर दुपारच्या बाजूला मुख्य कड्यापासून तुटलेली प्रोटॉनांची कमान दिसे आणि इलेक्ट्रॉनच्या चित्रात त्या जागी काहीच नसे. या तुटक कमानी वलयप्रवाहातून गळालेल्या प्रोटॉनांच्या होत्या. पृथ्वीभोवतीचा थंड प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, जिथे वलयप्रवाहात घुसतो तिथे विशिष्ट चुंबकीय लहरी उठतात. त्या लहरी अडकलेल्या प्रोटॉनांना ढकलून रेषेवरून खाली पाडतात. कुलाब्याचा चुंबक ज्या झुंडीने वळवला, तीच झुंड कुठून आणि कशी गळते ते आता अतिनील चित्रात डोळ्यांना दिसत होते.

सर्वांत थरारक चित्र आले १८ मार्च २००२ रोजी. आर्क्टिकवर, दिवसाच्या बाजूला, मुख्य कड्यापासून वेगळा एक प्रोटॉनांचा ठिपका पेटला. जवळजवळ कॅलिफोर्नियाएवढा, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठा. त्याची शक्ती ७५ मेगावॅटच्या घरात भरली. तो विझेल अशी अपेक्षा होती, पण तासन्‌तास तो तिथेच राहिला. त्याच वेळी, पृथ्वीपासून सुमारे ६० हजार किलोमीटरवर, चुंबकीय क्षेत्राच्या बाह्य सीमेजवळून युरोपीय अवकाश संस्थेचे चार ‘क्लस्टर’ उपग्रह चालले होते. त्यांना तिथे उलट्या दिशांनी सुटलेले कणांचे वेगवान झोत भेटले. याचा अर्थ सूर्याच्या वाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या ओघातले, चुंबकीय क्षेत्र आणि पृथ्वीचे क्षेत्र तिथे तुटून एकमेकांना जोडले जात होते आणि उघडलेल्या फटीतून प्रोटॉन आत येत होते. तिथली चुंबकीय रेषा खाली उतरत आणली तर ती नेमकी आर्क्टिकवरच्या त्या ठिपक्यावर टेकत होती.

पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला फटी पडतात हे आधीही माहीत होते. वाद होता तो त्या क्षणभर उघडून मिटतात की उघड्याच राहतात याचा. एकटा उपग्रह अशा फटीतून काही क्षणांत पार होतो, त्याला पुढचे-मागचे कळत नाही. ठिपका मात्र सलग दिसत होता. तो पेटलेला आहे तोवर फट उघडी आहे. हॅराल्ड फ्राय, ताई फान, स्टीफन फ्युझेलियर आणि मेंडी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात डिसेंबर २००३ मध्ये निष्कर्ष मांडला की फट तासन्‌तास सतत उघडी राहू शकते. पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदापुरता उरलेला प्रोटॉन कवचाच्या दाराशी काय चालले आहे ते सांगणारा साक्षीदार ठरला होता.

त्याच २००३ साली कुलाब्याची वहीही पुन्हा उघडली गेली. ती वही जपली कशी गेली ते आधी सांगतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय मोजणी अलिबागला हलवली. विजेच्या प्रवाहाने कुलाब्यातल्या चुंबकांचे वाचन बिघडले असते. १९०४ पासून अलिबागला मोजणी सुरू झाली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकदमच नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटू नये. ही दूरदृष्टी किती मोठी होती ते सांगायला शब्द अपुरे आहेत. १९१० मध्ये मूस यांनी मुंबईच्या १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळात क्षेत्र कसे किंचित चढते, मग खोल उतरते आणि हळूहळू सावरते याचा सरासरी आकार मांडणाऱ्या पहिल्या कामांत त्याची गणना होते. हा वलयप्रवाहाचाच आलेख होता. तो प्रवाह कोणत्या कणांचा, हे कळायला पुढे अनेक दशके लागली.

या सगळ्या नोंदींचा वारसा आज नवीन पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. तिथल्या गुरुबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह १८५९ ची कुलाब्याची नोंद अभ्यासली आणि २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. युरोपातल्या अनेक वेधशाळांच्या नोंदी त्या वादळात कागदाबाहेर गेल्या होत्या. कमी अक्षांशावरून त्या वादळाचा पूर्ण चढउतार देणारी नोंद कुलाब्याची. इतिहासातले सर्वांत मोठे सौरवादळ किती मोठे होते, हे विचारायला जगाला मुंबईच्या वहीकडेच यावे लागते. मे २०२४ च्या वादळाची घसरण ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होती, यावरून १८५९ चा अंदाज करा.

‘इमेज’ची गोष्ट मात्र एवढ्यावर संपली नाही. १८ डिसेंबर २००५ रोजी त्याने बोलणे थांबवले. संदेशवहनाच्या यंत्रणेचा वीजपुरवठा तुटला असावा असा तर्क होता. २००७ मध्ये उपग्रह दीर्घकाळ पृथ्वीच्या सावलीत जाणार होता, तेव्हा बॅटऱ्या रिकाम्या होऊन यंत्रणा पुन्हा सुरू होईल अशी आशा होती. तीही फळाला आली नाही. मोहीम केव्हाच बंद झाली होती.

बारा वर्षे गेली. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात, स्कॉट टिली हा हौशी रेडिओ निरीक्षक २० जानेवारी २०१८ रोजी एका गुप्त लष्करी उपग्रहाच्या शोधात आकाश पिंजत होता. त्याला वेगळाच संदेश सापडला. कक्षा जुळवून बघितली तर ती ‘इमेज’ची निघाली. जुन्या नोंदी चाळल्यावर ऑक्टोबर २०१६ मध्येही तोच आवाज येत असल्याचे आढळले. आकाशात तो ओरडत होता आणि खाली कुणी ऐकत नव्हते. ३० जानेवारीला संदेशातून उपग्रहाचा ओळखक्रमांक वाचता आला आणि नासाने खात्री केली. पुढे तो संदेश कधी आला, कधी गेला. उपग्रहावर ताबा पुन्हा मिळवता आला नाही. त्याच्या पाच-सहा वर्षांच्या चित्रांवर मात्र आजही काम चालू आहे, ती चित्रे सर्वांना खुली आहेत.

त्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, प्रोटॉन अरोरा मंगळावर सापडल्याचे जाहीर झाले. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मेव्हन’ यानाच्या अतिनील वर्णपटमापीत लायमन-अल्फा मधूनच जास्त उजळत असल्याचे जस्टिन डायगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मंगळाला पृथ्वीसारखे चुंबकीय कवच नाही. तिथे सूर्याच्या वाऱ्यातले प्रोटॉन मंगळाभोवतीच्या हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घेतात, विद्युतभार गमावतात आणि अडथळा ओलांडून थेट दिवसाच्या आकाशात शिरतात. पुढच्याच वर्षी अँड्रिया ह्यूजेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मंगळावर हा सर्वांत नेहमीचा अरोरा आहे आणि दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात तो दिवसाच्या बाजूला बहुतेक वेळा असतोच. त्या काळात धूळ आणि उष्णतेने पाण्याची वाफ उंच चढते, सूर्यप्रकाशात फुटते आणि तिच्यातला हायड्रोजन मंगळाबाहेर निसटतो. हायड्रोजन जास्त, म्हणून अरोरा जास्त. म्हणजे मंगळाचे पाणी कसे उडून गेले, याची एक खूण या अरोऱ्यात आहे. दुष्काळ पाहिलेल्या पाथर्डी तालुक्यातल्या वाचकाला एका अख्ख्या ग्रहाच्या पाण्याची ही गोष्ट परकी वाटणार नाही. आपल्या मंगळयानावरही लायमन-अल्फा प्रकाश मोजणारे एक लहान उपकरण होते. ते बंगळुरूला बनले होते आणि मंगळाचा हायड्रोजन कसा निसटतो ते समजून घेणे हा त्याचा हेतू होता.

आज भारताचे आदित्य-एल१ हे यान सूर्याकडे बघत उभे आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी, कुलाब्याच्या त्या सकाळनंतर बरोबर १६४ वर्षांनी, ते श्रीहरिकोट्याहून निघाले. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली आहे. त्याच यानावरचे अहमदाबादचे एक उपकरण सूर्याच्या वाऱ्यातले प्रोटॉन मोजते. वादळ निघते तिथे पुण्याचा डोळा आहे आणि ते पृथ्वीवर येऊन पडते तेव्हा अलिबागचे चुंबक हलतात. अलिबागपासून पाथर्डी सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरवर आहे. वलयप्रवाह इतका दूर आणि इतका विस्तीर्ण असतो की त्याच्यामुळे अलिबागला जेवढी घसरण नोंदली जाते, जवळपास तेवढीच पाथर्डीतही झालेली असते. अलिबागच्या आलेखात पाथर्डीच्या आकाशाचीही नोंद असते.

पाथर्डीच्या शाळांच्या सहली कोकणात जातात, अलिबागला मुले समुद्र आणि कुलाबा किल्ला बघतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, पुढची सहल ठरवताना भूचुंबकत्व संस्थेला आधी पत्र लिहून परवानगी घ्या आणि तिथल्या चुंबकीय वेधशाळेत मुलांना एक तास घेऊन जा. १९०४ पासून न थांबलेली नोंद कशी घेतली जाते ते त्यांना बघू द्या, आणि मे २०२४ चा आलेख दाखवायला सांगा.